दोन्ही हात भरलेले

श्टेटिन स्टेशनच्या मागे, आमच्या गल्लीत, हुल्डा वुस्ट्रोचं इस्त्रीचं दुकान होतं. दुकान कसलं, तळघरात उतरणाऱ्या पाच पायऱ्या, एक लांब टेबल, चादरी दाबायचा माणसाएवढा लाकडी रूळ आणि मागच्या बाजूला कपडे उकळायची भट्टी. बर्लिनवर बॉम्ब पडायला लागल्यावर सगळी इमारत त्या तळघरात येऊन बसायला लागली. त्याआधी वीस वर्षं मात्र तिथे फक्त वाफ असायची आणि हुल्डाची बडबड. कॉलर आतून किती मळते यावरून ती माणूस ओळखायची, आणि ओळखलं की तोंडावर सांगून मोकळी व्हायची. तरी बायका तिच्याकडेच यायच्या, कारण तिच्यासारखी कडक घडी पलीकडच्या चार गल्ल्यांत कुणाला जमत नसे.

तिचा नवरा ब्रूनो पोस्टमन होता. उंच, जरा पोक काढून चालणारा आणि कामात इतका संथ, की हुल्डा म्हणायची, ह्याने आणलेलं वाढदिवसाचं पत्र पुढच्या वाढदिवसाला वाचावं. पण लोकांना तो आवडायचा, आणि त्याचं कारण त्याचं ‘गुटन टाग’. दिवस चांगला जावो, एवढाच त्याचा अर्थ. सगळेच म्हणतात. ब्रूनो मात्र ते प्रत्येक दारात निराळं म्हणायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या विधवेला हळू, कारण तिला मुलाच्या पत्राची वाट असायची आणि पत्र नसायचं. खाटकाला मोठ्याने, कारण तो बहिरा. पोरीबाळी असलेल्या घरात टोपी काढून. लोक म्हणत, वुस्ट्रोने गुटन टाग म्हटलं की आज पत्र आहे की नाही ते दार उघडायच्या आधीच कळतं.

मग तेहतीस साल उजाडलं आणि फर्मान आलं. सरकारी नोकराने गुटन टाग म्हणायचं नाही. उजवा हात खांद्याच्या वर सरळ करायचा आणि ‘हाइल हिटलर’ म्हणायचं, येताना एकदा आणि निघताना एकदा. पोस्टमनने दिवसाला दोनशे दारं घेतली तर हिशेब तुम्हीच करा.

ब्रूनो काही क्रांतिकारक नव्हता. राजकारणाचा विषय निघाला की तो बुटाच्या नाड्या बांधायला खाली वाकायचा. पण त्या आरोळीची त्याला लाज वाटायची, एवढं खरं. त्याने आपल्या परीने एक युक्ती काढली. डाव्या हातात पार्सल, उजव्या हातात पत्रांचा गठ्ठा. पार्सल नसेल तर रिकामं खोकं. दार उघडलं की मान हलवायची आणि म्हणायचं, “माफ करा, दोन्ही हात भरलेत.” समोरचाही समजून हसायचा. तीन वर्षं हे चाललं.

पहिल्या मजल्यावर रस्त्याच्या बाजूला कालिंके राहायचा. धंद्याने विमा एजंट, आणि पक्षाने त्याला आमच्या इमारतीचा राखणदार नेमलेला. चाळीस बिऱ्हाडं होती. कुणी झेंडा लावला, कुणी नाही, वर्गणी मागितली तर कोण कुरकुरलं, कोण रेडिओ हळू लावतं, हे सगळं वर कळवणं हे त्याचं काम. दिसायला गोरागोमटा, बोलायला गोड. त्याचे तपकिरी शर्ट हुल्डाकडेच इस्त्रीला यायचे आणि त्यांच्या कॉलरी आतून स्वच्छ असायच्या. हुल्डा म्हणायची, हा माणूस घामही दुसऱ्याच्या अंगातून काढतो.

छत्तीस साली ब्रूनोला उचललं. चार दिवस ठेवलं आणि सोडलं. परत आला तेव्हा डाव्या कानाने त्याला ऐकू येत नव्हतं. तिथे काय झालं ते त्याने बायकोला सांगितलं नाही. एकच गोष्ट सांगितली. तिथल्या साहेबाने त्याला तक्रारीचा कागद वाचून दाखवला होता आणि वाचताना तो हसत होता. कागदावर एकच ओळ होती, ‘पोस्टमन वुस्ट्रोचे दोन्ही हात नेहमी भरलेले असतात.’ खाली कालिंकेची सही.

हुल्डाने ऐकून घेतलं. कालिंकेच्या नावाने तिने दोन मिनिटं अशा शिव्या दिल्या, की वरच्या रेफेल्टबाईंनी खिडकी लावून घेतली. मग तिने लाकडी डाव हातात घेतला.

“उद्यापासून दार उघडलं की हात वर,” ती म्हणाली.

“घरात?” ब्रूनोने विचारलं.

“घरात. संडासाच्या दारात. कपाटाच्या दारात. जिथे म्हणून दार असेल तिथे.”

“हुल्डा, मला लाज वाटते गं.”

“वाटू दे. लाजेने कान फुटत नाहीत. हात वर.”

त्या दिवसापासून वुस्ट्रोंच्या स्वयंपाकघरात कवायत सुरू झाली. ब्रूनो कामावरून आला की उंबऱ्यात हात वर, तोंडाने हाइल. नाही केलं तर सूप नाही. केलं पण कोपर वाकलं तर डाव कोपरावर. निघतानाही तेच. “जाताना विसरतोस,” हुल्डा ओरडायची, “जाताना तर ते जास्त बघतात. परत ये, परत जा.” दाराआड लपून ती एकदम पुढे यायची, म्हणजे तो दचकला तरी हात वरच गेला पाहिजे. दीड महिना तिने त्याला असा घोटून घेतला. विचार करून हात उचलणारा माणूस कधी ना कधी एक क्षण उशीर करतो, आणि तोच क्षण कालिंके वहीत लिहितो, हे तिला कळत होतं. म्हणून तिने ब्रूनोच्या डोक्यातून ते काढून हातात घातलं.

एकदा खुंटीवर तिचाच कोट टांगलेला होता. ब्रूनो आत आला आणि त्याने कोटाला कडक सलाम ठोकला. दोघं इतकी हसली की हुल्डाला टेबल धरून बसावं लागलं. मग ब्रूनो हसायचा थांबला आणि त्या हाताकडे बघत राहिला, जणू ते कुणी चुकून त्याच्याकडे टाकलेलं पार्सल होतं. “जमलं,” हुल्डा म्हणाली आणि तिने त्याला सूप वाढलं.

खरंच जमलं होतं. पुढची नऊ वर्षं ब्रूनोला कुणी बोट लावलं नाही. विधवेचं पत्र असो, मुलगा गेल्याची तार असो, येताना हाइल, जाताना हाइल, सगळं एकाच सुरात. लोकांना आता दार उघडायच्या आधी काही कळत नसे. कालिंके जिन्यात भेटला की म्हणायचा, “वा, वुस्ट्रो, तुम्ही अगदी सुधारलात.” आणि ब्रूनोचा हात वर गेलेला असायचा.

पंचेचाळीसच्या एप्रिलमध्ये त्या महापुरुषाचा वाढदिवस आला. रशियन तोफा शहराच्या वेशीवर होत्या, आणि साहेबांच्या वाढदिवसानिमित्त रेशनवर जादा जिन्नस मिळणार होता. थोडं मांस, थोडी साखर, मूठभर खरी कॉफी. बर्लिनच्या बायका त्याला स्वर्गारोहणाचं रेशन म्हणायला लागल्या, कारण एवढं खाऊन सरळ वरच जायचं होतं. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर रांग लागली, आणि रांगेत हुल्डाच्या पुढे रेफेल्टबाई होत्या. सत्तरीच्या, बारीक, तोंडाने फटकळ.

“हुल्डा, खरी कॉफी देतायत म्हणजे समज,” त्या म्हणाल्या. “फाशीच्या आधी विचारतात ना, काय खायचंय म्हणून.”

“मग मी डुकराची तंगडी मागितली असती,” हुल्डा म्हणाली. “ही मूठभर कॉफी बघून तर फास लावणाऱ्यालाच लाज वाटेल.”

पुढे टेबलाशी कालिंके उभा होता, इस्त्रीच्या शर्टात. त्याचा हात अजून सगळ्यांच्या आधी वर जात होता. त्याने हळू आवाजात विचारलं, “वुस्ट्रो पहाऱ्यावर आहेत ना? असायलाच हवं हो. आता प्रत्येक माणूस हवा.”

ब्रूनो पहाऱ्यावरच होता; शहर राखायला आता म्हाताऱ्यांनाही जुंपलं होतं. अठ्ठावन्न वर्षांचा, एका कानाने बहिरा, दंडावर पट्टी, हातात कुठल्याशा देशाची जुनी बंदूक आणि खिशात तिला न बसणाऱ्या पाच गोळ्या. गणवेश नव्हताच, म्हणून अंगात पोस्टाचा निळा कोट. गल्लीच्या तोंडाशी उलथलेली ट्राम होती आणि तिच्यामागे असे अकरा म्हातारे. त्यांचा मुख्य एक निवृत्त भूगोलाचा मास्तर होता. हुल्डा रोज दुपारी सूप घेऊन जायची आणि नवऱ्याला शिव्या देऊन यायची. सूप पातळ होतं, म्हणून शिव्या दाट द्यायची.

अठ्ठावीस तारखेला जाताना तिने कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबाला एक माणूस टांगलेला पाहिला. ब्रूनोच्याच वयाचा. गळ्यात पाटी होती, मी भेकड आहे. ते काम आपल्याच लोकांनी केलेलं. पांढरं फडकं लावणाऱ्या घरातल्या सगळ्या पुरुषांना गोळ्या घालायचा हुकूमही त्याच लोकांचा. हुल्डा त्या माणसाच्या बुटांकडे बघत उभी राहिली. बुटांना नवे तळवे मारलेले होते. कुणीतरी त्याची काळजी घेत होतं. ती सूप तसंच घेऊन मागे फिरली.

तासाभराने ती धुण्याची हातगाडी ढकलत आली. गाडीत चादरींचा ढीग. बॉम्बगोळे पडत होते आणि ही बाई धुणं घेऊन निघालेली.

“जखमींसाठी चिंध्या आणल्यात,” ती मास्तरांना म्हणाली. “आणि परत जाताना एक जड ओझं न्यायचंय.”

मास्तरांनी ब्रूनोकडे पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं. चष्मा पुसला. “वुस्ट्रोबाई, मला जरा तिकडच्या धुराड्याकडे बघायचंय,” ते म्हणाले. “पाचेक मिनिटं बघीन म्हणतो.” आणि त्यांनी पाठ फिरवली. हुल्डाने आयुष्यात आभार कमीच मानले होते, तेव्हाही मानायचे राहून गेले. ब्रूनो चादरींखाली अंग चोरून झोपला आणि ती त्याला ढकलत तळघरापर्यंत घेऊन आली.

दंडावरची पट्टी भट्टीत गेली. ब्रूनोला तिने रुळाच्या मागे, लोकांच्या चादरींच्या ढिगात बसवलं. तोफा सुरू झाल्यापासून शेजारी आतल्या कोळशाच्या खोलीत बसत, ती रस्त्यापासून लांब होती. आता दोन गोष्टींतून त्याला पार न्यायचं होतं. आपले लोक जाईपर्यंत तो दिसायला नको होता. आणि रशियन येतील तेव्हा त्याचा तो हात वर जायला नको होता.

दुसऱ्या गोष्टीची भीती तिला पहिल्यापेक्षा जास्त होती. कारण संध्याकाळी तिने तळघराचं दार सहज ढकललं, तर ढिगातून एक हात ताठ वर आला.

“अरे देवा,” हुल्डा म्हणाली. “मीच आहे.”

“मला माहीत आहे,” ब्रूनो म्हणाला. “पण त्याला माहीत नाही.”

तिने पुन्हा डाव काढला. ह्या वेळी उलटी कवायत. दोन्ही हातांत पांढऱ्या चादरीचं एकेक टोक द्यायचं, आणि दार उघडलं की दोन्ही हात वर. एक नाही, दोन. तोंड बंद. ती पायऱ्यांवरून खाली यायची, दार लोटायची, पुन्हा वर जायची, पुन्हा यायची. बाहेर भिंती हलत होत्या आणि आत साठीला आलेली बाई नवऱ्याच्या कोपरावर डाव मारत होती. “दोन्ही! गाढवा, दोन्ही! जुनी युक्ती आठव. हात भरलेले असले की एकटा हात वर जात नाही.” दोन दिवसांत त्याला तेही जमलं. दार वाजलं की चादर दोन्हीकडून वर जायची आणि मध्ये ब्रूनोचं घाबरलेलं तोंड.

तीस तारखेला दुपारी कालिंके पायऱ्या उतरून आला. हुल्डा टेबलापुढे आडवी उभी राहिली. त्याच्या हातात बोचकं होतं. त्याने ते टेबलावर सोडलं. तपकिरी शर्ट, टोपी, पट्टा, पक्षाचं लाल पुस्तक आणि नोंदींच्या तीन वह्या.

“तुमची भट्टी पेटती आहे ना, वुस्ट्रोबाई?” त्याने विचारलं.

“हे धुवायचंय की काय?”

“नाही. धुवायची वेळ गेली.” तो रुळाकडे बघत होता. ढिगातून पोस्टमनच्या बुटाचं टोक दिसत होतं. त्याने ते पाहिलं आणि तिने त्याला पाहताना पाहिलं. “माझं तर म्हणणं आहे,” तो गोड आवाजात म्हणाला, “शेजाऱ्यांनी एकमेकांचं फार बघू नये. मी इथे काही पाहिलं नाही. तुम्हीही काही पाहिलं नाही. आणि माझा तो पांढरा शर्ट जरा फिरवून द्या.”

तिने एकेक वस्तू भट्टीत टाकली. वह्या टाकताना तिचा हात अडखळला. त्यातल्या कुठल्यातरी पानावर ब्रूनोच्या दोन्ही हातांची ओळ असणार. एक वही बाजूला सारावी असं तिच्या मनात आलं. पण कालिंके सळई घेऊन भट्टीपाशी उभा होता आणि प्रत्येक पान काळं होईपर्यंत ढवळत होता. रुळामागे ब्रूनो होता. तिने तिसरी वहीही टाकली. मग त्याचा पांढरा शर्ट घेतला आणि कोळशाच्या इस्त्रीने असा फिरवला की कॉलर पुठ्ठ्यासारखी उभी राहिली. वाईट इस्त्री करणं तिच्या हाताला येतच नव्हतं.

त्याच दुपारी, आमच्या गल्लीपासून चालत अर्ध्या तासावर, जमिनीखाली, तो मरून गेला. ज्याचं नाव बारा वर्षं दारादारात घेतलं तो. आम्हाला कुणी सांगितलं नाही. कोपऱ्यावर त्याच्या नावाने माणसं आणखी दोन दिवस मरत राहिली, त्यांत भूगोलाचे मास्तरही गेले.

दोन मेच्या सकाळी तोफा थांबल्या. शेजारी कोळशाच्या खोलीतून बाहेर आले, तळघरात वीस-बावीस माणसं झाली. मग पायऱ्यांवर बूट वाजले. हुल्डाने ब्रूनोच्या हातांत रेफेल्टबाईंच्या चादरीची टोकं खुपसली आणि दंडाला चिमटा काढला. दार उघडलं. दोन्ही हात वर गेले. तोंड बंद राहिलं. हुल्डाने डोळे मिटले आणि श्वास सोडला.

तीन सैनिक होते आणि एक अधिकारी. चष्मेवाला, तरुण, चांगलं जर्मन बोलणारा. त्याने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ब्रूनोच्या निळ्या कोटापाशी थांबला.

“हा कसला गणवेश?”

“पोस्टाचा,” हुल्डा म्हणाली. “पत्रं वाटतो तो. पंचवीस वर्षं.”

अधिकाऱ्याने कोटाची बटणं पाहिली. त्यांवर बिगुलाचं चित्र होतं. तो किंचित हसला. “माझे वडीलही पोस्टात होते,” तो म्हणाला. “हात खाली करा, आजोबा. संपलं सगळं. तुमचा तो मेला. आपापल्या घरी जा.”

तळघरात पहिल्यांदा कुणीतरी रडलं. कालिंके पांढऱ्या शर्टात पुढे आला, अदबीने वाकला आणि म्हणाला, “गुटन टाग.” इतकं सहज म्हणाला, की जणू गेली बारा वर्षं दुसरं काही बोललाच नव्हता. लोक उठले. सामान गोळा करू लागले. रेफेल्टबाई म्हणाल्या, “हुल्डा, माझी चादर बाई.”

आणि हुल्डाने ब्रूनोच्या हातांतून चादर काढून घेतली. झटकली, चार घड्या केल्या आणि रेफेल्टबाईंना दिली. लोकांचा कपडा ज्याचा त्याला घडी करून परत द्यायचा, हे तिचं आयुष्यभराचं काम. आता भीती उरली नव्हती.

ब्रूनो रिकाम्या हातांनी पायऱ्यांकडे निघाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. दारात तो वळला. त्या पोराचे आभार मानावेत, निरोप घ्यावा, असं त्याच्या मनात होतं. त्याचं तोंड आधी कृतज्ञतेने हललं. मग उजवा हात वर गेला. सरळ, खांद्याच्या वर, कोपर न वाकवता, पंजा सपाट. हुल्डाने शिकवला होता अगदी तसा.

“हाइल हिटलर,” ब्रूनो म्हणाला.

येतानाची कवायत तिने दोन दिवस घेतली होती. जातानाची घ्यायची राहिली होती.

एक सैनिक फिसकन हसला. अधिकारी हसला नाही. त्याचा चेहरा असा झाला की बघवेना. ब्रूनो आपल्या हाताकडे बघत होता आणि तो खाली घ्यायचं त्याला सुचत नव्हतं. दोघांनी त्याला धरलं.

“सवय आहे हो ती!” हुल्डा धावली. “मी लावलीय. मी मारून मारून लावलीय. त्याचा कान बघा, त्यांनीच फोडलाय!”

“सगळे आता असंच सांगतात,” अधिकारी म्हणाला.

“मग ह्याला विचारा.” तिने कालिंकेकडे बोट केलं. “हा त्यांचा माणूस. इमारतीचा राखणदार. ह्याच्याच तक्रारीवरून उचललं होतं याला. सांग ना रे, सांग!”

अधिकाऱ्याने कालिंकेकडे पाहिलं. स्वच्छ दाढी, पांढरा शर्ट, पुठ्ठ्यासारखी कॉलर. “काही पुरावा? पुस्तक, कागद?” त्याने हुल्डाला विचारलं.

हुल्डाने भट्टीकडे पाहिलं. तिथे राखही उरली नव्हती, कालिंकेने ती सकाळीच बादलीतून नेऊन टाकली होती.

“बाईंची मनःस्थिती ठीक नाही,” कालिंके हळुवारपणे म्हणाला. “वुस्ट्रोंना मी फक्त जिन्यात भेटायचो. भेटले की नेहमी हेच करायचे.”

त्या शेवटच्या वाक्यात खोटं काही नव्हतं. तळघरात वीस माणसं होती आणि त्यांतल्या निम्म्यांना सगळं माहीत होतं. पण ज्याला त्याला आपापल्या घरी जायचं होतं. रेफेल्टबाईंनी “अहो” एवढं म्हटलं आणि चादर छातीशी धरून त्या मागे सरल्या.

ब्रूनोला कैद्यांच्या रांगेत घातलं. हुल्डा पुलापर्यंत बाजूने धावत गेली. तो दोन्ही हात डोक्यावर ठेवून चालत होता, सगळ्यांनाच तसं चालायचा हुकूम होता. तिने त्याच्या उजव्या बाजूला जाऊन हाक मारली, चांगल्या कानाच्या बाजूला. त्याने ऐकलं असावं, कारण त्याची मान हलली. पुलावर बायकांना अडवलं.

पुढच्या वर्षी पानगळीच्या दिवसांत छावणीतून सुटलेला एक शिंपी तिचा पत्ता शोधत आला. ब्रूनो पहिल्याच हिवाळ्यात गेला होता. भला माणूस होता, शिंपी म्हणाला, सकाळी उठला की सगळ्यांना गुटन टाग म्हणायचा, प्रत्येकाला निराळं. हुल्डाने शिंप्याला सूप दिलं आणि त्याच्या कोटाची बाही न विचारता इस्त्री करून दिली. डाव तिने त्याच दिवशी भट्टीत टाकला.

कालिंकेचं बरं चाललं होतं. नव्या राज्यालाही इमारतीत एक नीटनेटका, लिहिता-वाचता माणूस हवा होता. रेशनकार्डं आता तोच वाटायचा, त्याच तळमजल्यावर, जवळजवळ त्याच टेबलापाशी. दर महिन्याला रांग लागायची आणि तो प्रत्येकाला म्हणायचा, गुटन टाग.

शिंपी येऊन गेल्याच्या पुढच्या महिन्यात हुल्डाचा नंबर आला.

“गुटन टाग, वुस्ट्रोबाई,” कालिंके म्हणाला.

हुल्डाने त्याच्याकडे पाहिलं. तिने हात उचलला नाही. ब्रूनोला घोटून घेताना जो आवाज काढायची, त्याच करड्या, चोख आवाजात ती फक्त म्हणाली, “हाइल हिटलर, कालिंकेसाहेब.”

कालिंकेचा उजवा हात टेबलावरून उठला. चार बोटं वर आला, कोपर सरळ व्हायला लागलं, आणि मग त्याने तो झडप घालून डाव्या हाताने धरला. रांगेतल्या सगळ्यांनी पाहिलं. आमच्या गल्लीत न बोलण्याची सवय जुनीच होती. त्याने तिच्या कार्डावर शिक्का मारला.

पुढच्या महिन्यात तिने तेच केलं, त्याच्या पुढच्याही. रेफेल्टबाई म्हणाल्या, “हुल्डा, तुला पकडून नेतील गं.” हुल्डा म्हणाली, “नेऊ देत. मला सवय आहे म्हणून सांगीन.” कोणी नेलं नाही. वेडी झालीय म्हणून सोडून दिलं. इस्त्री मात्र ती पूर्वीसारखीच करायची, आणि कालिंकेचे पांढरे शर्ट अजून तिच्याकडेच यायचे.

चौथ्या महिन्यात ती रांगेतून पुढे आली तेव्हा कालिंकेने डाव्या हातात कार्डांचा गठ्ठा घट्ट धरला होता आणि उजव्या हातात शिक्का. ती बोलायच्या आत त्याने घाईघाईने मान हलवली.

हुल्डाने त्या दोन्ही हातांकडे पाहिलं. मग ती रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “कालिंकेसाहेब, तुमचे दोन्ही हात हल्ली नेहमी भरलेले असतात.”